ट्रॅक डेसाठी गाडीची तयारी: पुण्याहून मद्रासच्या सर्किटवर जा आणि त्याच गाडीने घरी या

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या बंद ट्रॅकवर नेऊन चालवण्याचा दिवस. तिथे जायचं ठरलं की मित्रमंडळींत पहिली चर्चा इंजिनाची सुरू होते. एअर फिल्टर कुठला घ्यायचा, सायलेन्सर बदलायचा का, रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलणं, करायचं का. माझं सांगणं आहे की पहिली दोन वर्षं हा विषय काढूच नका. आधी ब्रेक, मग टायर, मग ऑइल आणि कूलंट. ट्रॅकवर साधी गाडी हरते ती उष्णतेपुढे. रस्त्यावर आपण दिवसभरात जितका जोरात ब्रेक मारत नाही, तितका तिथे दर दोन मिनिटांत चार-पाच वेळा मारतो.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट आहे. ११९७ सीसीचं इंजिन, मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, वजन साधारण हजार किलो. रोज ऑफिसला जाते, दिवाळीत गावाला जाते आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाते. पुढे जे लिहिलंय ते अशाच गाडीसाठी आहे: घरची, नंबरप्लेटवाली, ट्रेलरवर न नेता स्वतः चालवत नेलेली. पोलो, आय ट्वेंटी, बलेनो, होंडा सिटी यांना हे जवळपास तसंच्या तसं लागू पडतं.

आपल्या भागातल्या माणसाला सर्किट म्हटलं की बहुधा दक्षिणेची वाट धरावी लागते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. हा क्लब १९५३ सालचा. आधी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या, १९९० पासून इथे होतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, आणि आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. दुसरा कोईम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, लांबीने याच्या निम्म्याहून थोडा जास्त. मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली.

ट्रॅक बदलला की गाडीवरचा ताणही बदलतो. बुद्धच्या लांब सरळ पट्ट्यावर लहान गाडीसुद्धा तिच्या कमाल वेगाजवळ जाते आणि तिथून एकदम ब्रेक मारावा लागतो, पण पुढच्या ब्रेकपर्यंत डिस्कला वारा लागायला वेळ मिळतो. करीवर वेग कमी असतो, मात्र वळणं एकामागे एक येतात आणि ब्रेकला उसंतच मिळत नाही. पहिल्या वेळेला मी मद्रासच सुचवीन. तिथे दोन्हींचा थोडा थोडा अनुभव येतो, आणि पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत साधारण साडेअकराशे किलोमीटर अंतर चांगल्या महामार्गाने पार होतं.

दीड महिना आधी: गाडी न्यायच्या लायकीची आहे का?

नवीन काही विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा आणि स्वतः खाली उभे राहा. गॅरेजवाल्याच्या भरवशावर सोडू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा, खटखट लागली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. मग डावी-उजवीकडून धरून हलवा, तिथे खेळ लागला तर टाय रॉड एंड बघा. लोअर आर्मच्या बुशला चिरा पडल्यात का, सी.व्ही. जॉइंटचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का, शॉकअप ओले आहेत का, हे टॉर्च लावून बघा. रस्त्यावर जो बुश अजून वर्षभर सहज चालला असता, तो ट्रॅकवर दुसऱ्याच सेशनला (सेशन म्हणजे सलग चालवायची एक पाळी) गाडी ब्रेकखाली एका बाजूला ओढायला लावतो.

बॅटरीची पट्टी घट्ट आहे का ते हाताने हलवून बघा. ट्रॅकवर गाडी तपासणारे लोक हे हमखास बघतात, आणि आपल्याकडे बॅटरी बदलणारे ती पट्टी नीट न लावताच बॉनेट बंद करतात. इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, सगळं याच फेरीत उरकून घ्या. सीएनजी किट असलेली गाडी नेऊ नका. डिकीत भरलेलं सिलिंडर घेऊन क्षमतेच्या टोकाला गाडी चालवणं मला पटत नाही.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. खाजगी गाडीच्या विम्यात संघटित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसतं. पॉलिसीच्या 'लिमिटेशन्स अॅज टु यूज' या परिच्छेदात ते स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली तर खर्च आपल्या खिशातून. हे घरच्यांशी आधी बोलून ठेवा. आणि गाडीत मोठे फेरफार करायचा मोह झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या. मूळ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि साडेअकराशे किलोमीटर जायला-यायला तुम्हाला सार्वजनिक रस्ताच वापरायचाय.

ब्रेक: इथे कंजुषी नको

आधी एक हिशेब. मी आत बसलेला धरून स्विफ्टचं वजन १०५० किलो. १४० च्या वेगावरून ६० वर आणताना ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तेवढ्यात घरातलं दोन लिटर साधं पाणी उकळीला येईल. हे तीन-चार सेकंदांत होतं, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. मग पुढचं वळण, पुन्हा दोन लिटर. पंधरा मिनिटांचं सेशन म्हणजे अशी किती भांडी, ते तुम्हीच मोजा.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे, ओलावा शिरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५, डॉट ५.१ चा २६० वरून १८०. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं ऑइल या खालच्या आकड्याच्या दिशेने किती सरकलं असेल, याचा अंदाज करा.

मला हे पहिल्याच ट्रॅक डेला कळलं. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय टाकला आणि पेडल मऊ लागलं, ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं, आणि थेट तळाला गेलं. दोन-तीनदा पटापट पंप केल्यावर थोडा ब्रेक आला, गिअर खाली टाकले, वळण सोडून सरळ मोकळ्या मातीत गेलो. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पण माझे हात अर्धा तास थरथरत होते. एका सर्व्हिस सेंटरच्या बिलात चारच महिन्यांपूर्वी 'ब्रेक ऑइल बदलले' असं लिहून पैसे घेतले होते. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत) ब्लीडिंग निपल, म्हणजे चाकाजवळचं ऑइल आणि हवा काढायचं छोटं तोंड, उघडलं तेव्हा बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं पाणी. वरच्या डबीत नवं ओतलं होतं, पाइपमधलं जुनंच होतं.

तेव्हापासून हे काम मी समोर उभा राहून करून घेतो, किंवा स्वतः करतो. ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात रेसिंग दर्जाचं डॉट ४ घालायचं. याचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. अर्ध्या लिटरचे दोन डबे आणायचे, आणि सील फोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवायचा नाही. डॉट ५ नावाचं सिलिकॉन ऑइल वेगळंच असतं, ते यात मिसळायचं नाही. डब्यावर ५ आणि ५.१ नीट वाचून घ्या.

काम दोन माणसांचं आहे. निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. आमचे मिस्त्री खाली बसतात, मी सीटवर.

"दाबा दादा."

"दाबलं."

"धरून ठेवा, सोडू नका." निपल पाव फेरा उघडतं, नळीतून बुडबुडे जातात, निपल बंद होतं. "आता सोडा."

हे शेवटचे दोन शब्द ऐकू येईपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत ओढली जाते. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) उजवीकडे असतो, म्हणून बहुधा डावं मागचं चाक आधी, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. वरची डबी मधल्या वेळात रिकामी होऊ देऊ नका. नळीतून स्वच्छ रंगाचं ऑइल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत प्रत्येक चाक करत राहायचं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट उतरतो.

आता पॅड. कंपनीचे पॅड रस्त्यासाठी उत्तम असतात, पण फार तापले की त्यांची पकड सुटते. इथे एक फरक पायाला कळला पाहिजे: पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय, पेडल दगडासारखं घट्ट आहे आणि तरी गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत. दोन्हींवर त्या क्षणी उपाय एकच, वेग कमी करून, ब्रेक जवळजवळ न लावता एक थंड फेरी मारत पिटमध्ये येणं. पण दुरुस्ती वेगळी आहे. पॅड थंड झाले की बहुधा पुन्हा चालतात. उकळलेल्या ऑइलमधली हवा मात्र काढावीच लागते, थंड झाल्यावर पेडल बरं वाटलं तरीही.

रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून मिळणारे वरच्या दर्जाचे पॅड घ्या. निव्वळ रेसचे पॅड घेऊ नका. ते थंड असताना पकडत नाहीत, आणि पहाटे पाच वाजता साताऱ्याजवळ समोर म्हैस आली तर ती पॅड तापायची वाट बघणार नाही. पॅडची जाडी निम्म्याच्या खाली गेली असेल तर ट्रॅकआधी बदला, कारण पातळ पॅडमधून उष्णता ऑइलकडे जास्त वेगाने जाते. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून बघा. मागचे ड्रम उघडून लायनर घासून साफ करा आणि अॅडजस्ट करून घ्या. मागचे लायनर सैल असले की पेडलचा प्रवास वाढतो आणि लोक उगाच पुढच्या ब्रेकला दोष देतात.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. ट्रॅकवरच्या पहिल्या सेशनमध्ये, मागे कुणी नसताना, साधारण ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. मग एक-दोन फेऱ्या ब्रेक न लावता वारा लागू द्यायचा. तापलेल्या डिस्कवर गाडी उभी केली तर त्या जागी पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला 'डिस्क वाकली' म्हणतात, पुष्कळदा तो ठसाच असतो.

टायर

टायरच्या कडेवर चार आकडी तारीख कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही खोल दिसली तरी, मी ट्रॅकवर नेत नाही. रबर कडक झालेलं असतं. अगदी नवा टायरही पहिल्या दिवशी नको, कारण खोल नक्षीचे ठोकळे वळणात डुलतात, तापतात आणि त्यांचे तुकडे निघतात. तीन-चार हजार किलोमीटर चाललेला, अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक असलेला चांगल्या कंपनीचा टायर सगळ्यात बरा. वाटेत पाऊस लागू शकतो, त्यामुळे 'ट्रॅकसाठी झिजलेलाच चालेल' असं करू नका.

हवेबाबत जेवढा गोंधळ असतो तेवढा कशाबद्दलच नसतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधली हवा एक पीएसआयने वाढते. सकाळी थंड टायरमध्ये ३२ हवा भरून गेलात तर सेशनच्या शेवटी ३८-४० दिसते, टायर फुग्यासारखा मधेच टेकतो आणि गाडी घसरू लागते. म्हणून सुरुवात दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी ठेवून करा, आणि पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढायच्याही आधी, गरम आकडा मोजा. माझ्या गाडीला गरम ३४ ते ३५ मानवते. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला शोधावा लागेल, आणि त्यासाठी एक खडू पुरतो. टायरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथून, खडूची आडवी रेघ ओढा. तीन फेऱ्या मारून या. रेघ बाजूवरूनही पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, टायर मुडपतोय. नक्षीच्या कडेवरचीही शिल्लक असेल तर जास्त आहे.

घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावा पुढचा टायर सगळ्यात जास्त तापतो. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "सेशन २. थंड पुढे २८, मागे २८. गरम डावा पुढचा ३६, उजवा पुढचा ३४, मागचे ३२. डाव्यातून १ सोडली." चारही टायरची हवा सारखीच सोडून मोकळे होऊ नका.

आणि हे विसरूच नका: दिवसभर गरम टायरमधून हवा सोडत गेलात की रात्री ते थंड झाल्यावर २५-२६ वर येतात. तसेच परतीच्या महामार्गाला लागलात तर ताशी १०० च्या वेगाने कमी हवेचा टायर फाटू शकतो. माझ्या डिकीत छोटा इलेक्ट्रिक पंप आणि स्वतःचा गेज असतो. पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकसारखा आकडा दाखवत नाहीत, त्यामुळे सगळी मोजणी एकाच गेजने करावी.

अलाइनमेंट आधीच्या आठवड्यात करून घ्या. अशा लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकल्याचा कोन, फार थोडा असतो, त्यामुळे टायरचा बाहेरचा खांदा लवकर खातो. कॅम्बर बोल्ट मिळतात, पण पहिल्या दिवसासाठी त्यांची गरज नाही.

चाकांचे नट टॉर्क रेंचनेच आवळा. लहान गाड्यांचा आकडा बहुतेक ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. समोरासमोरच्या क्रमाने, चाक जमिनीवर टेकलेलं असताना. पंक्चरवाल्याच्या गनने आवळलेल्या नटाचं बळ कोणालाच माहीत नसतं, त्यालाही नाही. ट्रॅकवर पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की एकदा पुन्हा तपासा.

ऑइल, कूलंट आणि बाकी

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, पण चांगल्या सिंथेटिकचं, आणि ट्रॅकआधी ताजं. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणात ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीच्या, एका बाजूला चढतं, आणि पातळी कमी असेल तर पंपाला हवा मिळते. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरू नका, क्रँक ते घुसळून फेस करतो. एक लिटरचा डबा सोबत ठेवा आणि प्रत्येक सेशननंतर, इंजिन बंद करून पाच-सात मिनिटांनी, डिपस्टिक बघा. दोन ट्रॅक डे झाले की किलोमीटर कितीही झालेले असोत, मी ऑइल बदलतो.

कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी असेल तर काढून टाका. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांवर उकळत नाही. एक बार जास्तीचा दाब धरला तर ते साधारण १२० पर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब सुटतो. दोनशे-तीनशे रुपयांचं झाकण आहे, नवं टाका. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि माती आतून बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवा.

ऑटोमॅटिक गाड्यांपैकी एएमटी (आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) आणि सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) ट्रॅकवर लवकर तापून स्वतःच वेग कमी करतात, त्यामुळे शक्य असेल तर मॅन्युअलच न्या. गाडीला ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असेल तर पहिल्या दिवशी ते बंद करू नका.

आदल्या रात्री गाडी आतून रिकामी करा. मॅट, छत्री, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, स्टेपनी, जॅक, दाराच्या कप्प्यातली चिल्लरसुद्धा. एक बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली गेली की बाकी सगळी तयारी व्यर्थ आहे. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मी पुण्याहून निघतानाच काढतो आणि देव्हाऱ्यात ठेवतो. परत आलो की पुन्हा त्याच्या जागी. टो हूक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायला लावायचा हूक, टूलकिटमध्ये असतो, तो बसवून बघा. कित्येकांना तो बंपरच्या कुठल्या झाकणामागे लागतो हेच ठाऊक नसतं.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळाचे बंद बूट, फुल फेस हेल्मेट. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. कंपनीचा तीन बिंदूंचा बेल्ट पुरेसा आहे. रोल केज आणि योग्य सीट नसताना चार पट्ट्यांचा हार्नेस लावू नका, गाडी उलटली तर तो शरीराला सरळ जखडून ठेवतो आणि छत दबलं की डोकं वाचवायला जागाच राहत नाही.

ट्रॅकवरचा दिवस

सकाळच्या ब्रीफिंगला कान देऊन बसा. झेंडे पाठ करा: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळा तुमच्यासाठी असेल तर आत या. ओव्हरटेक कुठे आणि कसा करायचा, हे आयोजक सांगतील तसंच.

पहिलं सेशन पूर्ण ताकदीने चालवू नका. दोन फेऱ्या टायर आणि ऑइल तापू द्या, एसी बंद ठेवा. चेन्नईच्या उकाड्यात हे जीवावर येतं, तरीही. शेवटची फेरी थंड फेरी: वरचा गिअर, ब्रेक जवळजवळ नाही, इंजिनावर जोर नाही. लोक ही फेरी वाया गेली असं समजतात आणि शेवटच्या वळणापर्यंत रेटत येतात. मग पिटमध्ये त्यांच्याच चाकांमधून धूर निघतो.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडी ठोकळा द्या. बॉनेट उघडा. दोन-तीन मिनिटांनी गाडी अर्धा चाक पुढे ढकला, म्हणजे गरम पॅड एकाच जागी चिकटून राहणार नाहीत. टर्बो गाडी असेल तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करा. त्यानंतर ठरलेली फेरी: हवा, नट, ऑइल, चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओला डाग आहे का, पॅड किती उरले. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली की पॅड दिसतो. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, वळणात पंप कोरडा पडू शकतो. शिवाय ट्रॅकवर गाडी रस्त्याच्या निम्मंही अॅव्हरेज देत नाही, तेव्हा तेवढा हिशेब करून ठेवा.

दुपारी चारनंतरचं सेशन सगळ्यात धोक्याचं. गाडी तापलेली, माणूस दमलेला आणि सकाळपेक्षा धीट झालेला. मी ते बहुतेक वेळा सोडतो. पैसे भरलेले असतात, तरीही.

परत येताना

त्याच रात्री निघू नका. श्रीपेरुम्बुदुरच्या आसपास मुक्काम करा आणि सकाळी गार गाडीवर पुन्हा एकदा सगळं तपासा. हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा. टायरला चिकटलेले रबराचे गोळे पहिले काही किलोमीटर खरखर करतात, ते आपोआप झडतात. पण ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहिलं तर थांबून नट आणि टायर बघा. चाकातून गाडी वेगात असताना गुंजारव येत असेल आणि वळणात तो बदलत असेल, तर बेअरिंग गेलंय. बेंगळुरूला बदलून घ्या, पुण्यापर्यंत ताणू नका. पॅडची जाडी तीन-चार मिलिमीटर उरली असेल तर सोबत आणलेला जुना जोड तिथेच बसवा. कंपनीचे जुने अर्धे पॅड फेकायचे नसतात ते याचसाठी.

घरी आल्यावर त्या आठवड्यात गाडी पुन्हा लिफ्टवर. चाकं काढून कॅलिपरच्या पिनांचं ग्रीस बघा, उष्णतेने ते सुकतं आणि पिन अडकली की पॅड तिरका झिजतो. पिस्टनभोवतीचं रबरी आवरण भाजून तडकलंय का, सी.व्ही. बूट शाबूत आहेत का, डिस्कवर कडेपर्यंत पोचलेल्या चिरा आहेत का ते बघा. बारीक जाळीदार रेषा चालतात, कडेला भिडलेली चीर असेल तर डिस्क भंगारात. मग आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा मोजा. मागच्या वेळी माझ्या डाव्या चाकाचा आतला ५ आणि बाहेरचा ७ निघाला. खालची पिन जाम होती. ग्रीस लावून ती मोकळी केली, पॅडचा नवा जोड घातला आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहिले.